साक्ष आणि शोभा : काँदे येथील विवाहचित्रांची एक चिकित्सा

१

विवाहाच्या छायाचित्राकडून दोन कार्यांची अपेक्षा असते. अमुक दिवशी, अमुक माणसांच्या समक्ष, अमुक दोघांचा विवाह झाला याची त्याने साक्ष द्यावी. आणि तो प्रसंग पुढील पिढ्यांनी आवडीने पाहावा अशा शोभिवंत रूपात जतन करावा. ही दोन कार्ये सामान्यतः एकमेकांस बाध आणीत नाहीत. घरोघरच्या भिंतींवरील जुन्या विवाहचित्रांत ती इतकी एकरूप झालेली असतात की, त्यांचा पृथक् विचार करण्याची आवश्यकताच भासत नाही. परंतु समारंभ जेव्हा मोजक्या माणसांत, काटेकोर अभिरुचीने आणि एखाद्या कलासंपन्न ऐतिहासिक वास्तूत साजरा होतो, तेव्हा या दोहोंमधील ताण उघडा पडतो. माणसे थोडी आणि वास्तू थोर असली की छायाचित्रकाराचा ओढा साहजिकच वास्तूकडे जातो. जी साक्ष माणसांनी द्यावयाची ती मग कमानी आणि कोरीव दगड देऊ लागतात. जुने राजवाडे, गढ्या आणि हवेल्या विवाहासाठी भाड्याने घेण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ होत असल्याने हा प्रश्न केवळ इतिहासाचा उरलेला नाही. वास्तूने माणसांची जागा घ्यावी हे कलेच्या दृष्टीने कितपत हितकर, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या विचारास एक उदाहरण विशेष सोयीचे आहे. ३ जून १९३७ रोजी फ्रान्समधील तूर शहराजवळ, मों या गावच्या शातो द काँदे नामक वाड्यात ड्यूक ऑफ विंडसर आणि वॉलिस सिम्प्सन यांचा विवाह झाला. त्या निमित्ताने सेसिल बीटन या इंग्रज छायाचित्रकाराने घेतलेली छायाचित्रे विसाव्या शतकातील अत्यंत परिचित विवाहचित्रांमध्ये मोडतात. त्यांच्याविषयीचे कुतूहल बहुधा त्या दोघांच्या कथेपुरते राहते. चित्रे म्हणून त्यांची परीक्षा क्वचितच होते. अशी परीक्षा करू जाता एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी लागते. ही विवाहचित्रे विवाहाच्या दिवशी घेतलेलीच नाहीत. ती आदल्या दिवशी, २ जून रोजी घेतली गेली. वधूवरांनी विवाहाचा पोशाख त्यासाठी एक दिवस आधी परिधान केला. आणि दुसऱ्या दिवशी जे पाहुणे समारंभास उपस्थित होते, त्यांत बीटन नव्हता.

२

या चित्रांचे स्वरूप समजण्यासाठी प्रसंगाची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानी घ्यावयास हवी. आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ रोजी राज्यत्यागाच्या लेखावर स्वाक्षरी केली. ज्या स्त्रीशी त्यास विवाह करावयाचा होता तिचा पहिला विवाह घटस्फोटाने संपलेला होता आणि दुसरा संपण्याच्या मार्गावर होता. इंग्लंडच्या धर्मपीठास असा विवाह मान्य नव्हता, आणि राजा हा त्या धर्मपीठाचा प्रमुख. ३ मे १९३७ रोजी वॉलिसचा दुसरा घटस्फोट अंतिम झाला. १२ मे रोजी एडवर्डच्या धाकट्या भावाचा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राज्याभिषेक झाला. २८ मे रोजी निघालेल्या राजपत्राने ड्यूकचा 'हिज रॉयल हायनेस' हा किताब त्याच्यापुरता कायम ठेवला आणि त्याच्या पत्नीस तो नाकारला. विवाहासाठी निश्चित झालेला ३ जून हा त्याच्या दिवंगत पित्याचा, पाचव्या जॉर्जचा, जन्मदिवस होता. राजघराण्यातील एकही व्यक्ती विवाहास आली नाही. धार्मिक विधी करण्यास डार्लिंग्टन येथील रॉबर्ट जार्डिन नावाचा एक धर्मोपदेशक वरिष्ठांची अनुमती नसता स्वतःहून पुढे आला. तत्पूर्वी फ्रेंच कायद्यानुसार मों गावच्या महापौराने नागरी विवाह लावला. पाहुणे सुमारे सोळा होते.

वराच्या पाठीशी उभा राहिला तो मेजर एडवर्ड डडले मेटकाफ. त्याची आणि एडवर्डची मैत्री १९२१–२२ च्या हिंदुस्थानच्या दौऱ्यात जडली होती. तत्कालीन युवराजाचे मुंबईत १७ नोव्हेंबर १९२१ रोजी आगमन झाले तेव्हा शहराने बहिष्कार पाळला आणि दंगल उसळली, तोच हा दौरा. मेटकाफची पत्नी अलेक्झांड्रा ही लॉर्ड कर्झनची कन्या. ज्या साम्राज्याचे सिंहासन वराने सोडले होते, त्याचे काही दुवे या लहानशा मेळाव्यात असे तुरळकपणे शिल्लक होते. अधिकृतपणे मात्र ते साम्राज्य तेथे अनुपस्थित होते.

तात्पर्य, विवाहास साक्षी राहावे अशा तिन्ही संस्थांनी, म्हणजे कुटुंब, धर्मपीठ आणि राजसत्ता यांनी, येथे पाठ फिरविली होती. आपल्याकडे अग्नीच्या साक्षीने विवाह होतो असे म्हटले जाते. अग्नी हा देव खरा, पण त्याच्या सभोवती जमलेला आप्तसमुदायही त्या साक्षीचा भाग असतो. अंतरपाट दूर होतो तो या समुदायाच्या डोळ्यांदेखत. काँदे येथे तो समुदायच आकसून गेला होता. मागे राहिले ते घर, वस्त्र, फुले आणि छायाचित्रकार. कॉन्स्टन्स स्प्राय या नामांकित पुष्परचनाकार बाईंनी वाड्यातील दालने फुलांनी भरून टाकली. वधूचा निळा पोशाख पॅरिसमधील मेनबोशे या अमेरिकन वस्त्रकाराने बेतला, आणि त्या छटेस वधूचेच नाव मिळाले. वाड्यातील ऑर्गन वाजविण्यास मार्सेल द्युप्रे या श्रेष्ठ वादकास पाचारण करण्यात आले. संस्थांनी जे नाकारले ते अभिरुचीने भरून काढावयाचे, असा हा एकंदर प्रयत्न होता. बीटनची छायाचित्रे हा त्या प्रयत्नाचा सर्वांत टिकाऊ भाग होय.

३

विवाहचित्रांच्या परंपरेत साक्ष आणि शोभा यांचा संबंध नेहमीच सरळ राहिलेला नाही. छायाचित्रण अस्तित्वात येण्यापूर्वीचे एक चित्र येथे आठवल्यावाचून राहत नाही. यान व्हान आयक याने १४३४ मध्ये रंगविलेले अर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातील मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर, आपण येथे होतो अशा अर्थाची ओळ चित्रकाराने सहीसह लिहिली आहे. त्या बहिर्गोल आरशात दारातून आत येणाऱ्या दोन व्यक्ती दिसतात. एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, हे चित्र म्हणजे रंगांनी लिहिलेला विवाहलेख असून चित्रकार हा त्याचा साक्षीदार आहे. हे मत पुढे अनेक अभ्यासकांनी अमान्य केले आणि चित्रातील व्यक्तींच्या ओळखीविषयीही शंका उपस्थित झाल्या. तथापि विवाहलेखाचा मुद्दा बाजूस ठेवला तरी चित्रकाराने आपली उपस्थिती नोंदविली आहे, हे निर्विवाद राहते. वास्तविक चित्रकारास प्रत्यक्ष हजर असण्याची गरज नसते. तो स्मरणानेही चित्र रंगवू शकतो. म्हणूनच त्यास आपली हजेरी अक्षरांनी सांगावी लागली.

छायाचित्रकाराची स्थिती उलट आहे. त्याच्या साधनाचा धर्मच असा की, जे समोर नाही ते भिंगातून आत येत नाही. आपण तेथे होतो हे त्यास लिहावे लागत नाही. प्रेक्षक ते गृहीतच धरतो. या गृहीताचे बळ किती असते ते राणी व्हिक्टोरियाच्या एका चित्रावरून कळते. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. त्याचे छायाचित्र नाही. ११ मे १८५४ रोजी रॉजर फेंटन याने त्या दोघांना बकिंगहॅम राजवाड्यात दरबारी पोशाखात चित्रित केले. राणीच्या अंगावरील शुभ्र वस्त्र आणि मस्तकावरून खाली आलेले तलम वस्त्र पाहून पुढे लोकांनी ही चित्रे विवाहाचीच, निदान विवाहाची पुनरावृत्ती करणारी, अशी समजूत करून घेतली. आणि ती समजूत अद्याप पुरती नाहीशी झालेली नाही. विवाहाचे चित्र असावे ही इच्छाच येथे चित्रावर आरूढ झाली. छायाचित्राची साक्ष अशी पाहणाऱ्याच्या मनातूनही निर्माण होऊ शकते.

याच घराण्यातील दुसरे चित्र मात्र खऱ्या साक्षीचे उदाहरण म्हणून पुढे ठेवता येईल. २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरियाच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह झाला. त्या सकाळी विवाहविधीसाठी निघण्यापूर्वी टी. आर. विल्यम्स याने वधूचे तिच्या मातापित्यांसह डॅगेरोटाइप पद्धतीचे चित्र घेतले. या पद्धतीत काही क्षण निश्चल राहावे लागे. राणीस ते साधले नाही. तिचे अंग कापत होते, आणि चित्रात तिची आकृती पुसट उमटली. तांत्रिक दृष्टीने हा दोष. पण आपली मुलगी आता परदेशी जाणार या जाणिवेने हललेली आई जेवढी त्या पुसट आकृतीत भेटते तेवढी कोणत्याही रेखीव चित्रात भेटली नसती. भारतीय साहित्यशास्त्राने सात्त्विक भावांत वेपथूची, म्हणजे कंपाची, गणना केली आहे. कारण तो अंतःकरणातील आवेग शरीरावर आणतो. येथे तो कंप यंत्राने टिपला. हे चित्रही विधीपूर्वीचेच, हे विसरून चालणार नाही. म्हणजे विधीच्या आधी की नंतर हा खरा निकष नव्हे. त्या दिवसाचा आवेग चित्रात उतरला की नाही, हा निकष होय.

४

काँदेच्या चित्रांकडे या निकषाने पाहावयाचे आहे. त्यांतील सर्वाधिक प्रसृत चित्रांत केवळ दोघे दिसतात. वधूचा पोशाख लांब, अंगाबरोबर बसणारा, सरळ खाली उतरलेला. मस्तकामागे प्रभावलयाप्रमाणे शोभणारी टोपी. वराच्या अंगावर सकाळच्या समारंभाचा काळा कोट. दोघांच्या चेहऱ्यांवर उल्हासापेक्षा सावधपणा अधिक आहे. चित्रांत पाहुणे नाहीत, धर्मोपदेशक नाही, विधीची कोणतीही क्रिया नाही. अर्थात ते असणे शक्यही नव्हते, कारण ते सारे उद्या व्हावयाचे होते. जे आहे ते म्हणजे दोन सुबक आकृती आणि त्यांच्या भोवतीची पुरातन वास्तू.

रसव्यवस्थेच्या परिभाषेत बोलावयाचे तर नायकनायिका हे आलंबन विभाव आणि स्थळ, ऋतू, उद्यान इत्यादी उद्दीपन विभाव होत. उद्दीपनाचे कार्य आलंबनाच्या ठायी असलेला भाव प्रज्वलित करणे एवढेच असते. चांदणे कितीही सुंदर असले तरी ते नायिकेच्या जागी उभे राहू शकत नाही. काँदेच्या चित्रांत नेमके हेच घडू पाहते. या दोघांचा भाव काय आहे हे चेहरे सांगत नाहीत. म्हणून वास्तूने ते सांगावे अशी योजना दिसते. सोळाव्या शतकातील दगड म्हणजे स्थैर्य, परंपरा, कुलीनता, असा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात आपोआप जुळतो. ज्या मनुष्यास विंडसर, सँड्रिंगहॅम आणि बॅल्मोरल ही आपली घरे दुरावली होती, त्यास ही प्राचीनता दुसऱ्याच्या घरातून उसनी घ्यावी लागली. उसनेपणाची ही जाणीव मात्र चित्रांत कोठेही उमटू दिलेली नाही.

ही प्राचीनता कोणाकडून उसनी घेतली हे पाहण्यासारखे आहे. काँदेचा वाडा तूरचा महापौर फ्रांस्वा ब्रिसोने याने १५०८ मध्ये बांधावयास घेतला. एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठा विस्तार झाला. १९२७ मध्ये तो शार्ल बेदो याने विकत घेतला आणि त्यात आधुनिक स्नानगृहे, दूरध्वनी आणि भव्य ऑर्गन अशा सोयी केल्या. बेदोची संपत्ती कारखान्यांतील कामगारांच्या श्रमाचे मिनिटामिनिटाने मोजमाप करण्याच्या त्याच्या पद्धतीतून आली होती. मनुष्याच्या वेळेचे तुकडे पाडून त्यांची किंमत ठरविणारा हा गृहस्थ, आणि त्याच्याच वाड्यात काळाच्या पलीकडचे वाटावे असे विवाहचित्र! पुढे शत्रूशी व्यवहार केल्याच्या आरोपाखाली तो अमेरिकेच्या ताब्यात असताना १९४४ मध्ये त्याने आत्महत्या केली. विवाहाच्या वेळी ही गोष्ट भविष्याच्या उदरात होती आणि तिचा दोष चित्रांवर ठेवणे न्याय्य होणार नाही. परंतु 'ऐतिहासिक वास्तू' म्हणून चित्रात जे दिसते ती एक निवड असते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. वाड्याचा १५०८ चा इतिहास चित्रात येतो. १९२७ चा येत नाही. वास्तूचे वय जेवढे प्रसंगाच्या उपयोगी तेवढेच भिंगापुढे उभे केले जाते.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेची जी तत्त्वे सांगितली, त्यांत संवादाइतकेच विरोधास आणि समतोलास स्थान आहे. काँदेच्या चित्रांत संवाद विपुल आहे. पोशाखाची उभी रेघ आणि वास्तूची उभी रेघ, वराचा ताठपणा आणि दगडाचा ताठपणा यांची जुळणी कुशलतेने साधली आहे. उणीव आहे ती विरोधाची. वास्तूच्या पुरातन शांततेला छेद देणारे, म्हणजेच ती शांतता अर्थपूर्ण करणारे, असे जिवंत काही चित्रात शिरू दिलेले नाही. परिणामी समतोल साधला गेला तरी तो दोन सजीव शक्तींमधला समतोल वाटत नाही. एखाद्या नीट लावलेल्या दालनाची टापटीप तेवढी जाणवते.

बीटननेच घेतलेली आणखी काही चित्रे यासंदर्भात तुलनेस घेता येतात. विवाहाच्या काही दिवस आधी 'व्होग' या नियतकालिकासाठी त्याने वॉलिसची काँदेच्याच परिसरात चित्रे घेतली. त्यांपैकी काहींत तिच्या अंगावर एल्सा स्कियापारेल्ली हिने साल्वादोर दालीच्या साहाय्याने बेतलेला, मोठ्या तांबड्या शेवंडाचे चित्र असलेला पांढरा झगा आहे. येथे उघड्या बागेतला प्रकाश आहे, झग्यावर एक चमत्कारिक प्राणी आहे, आणि वाड्याचे गांभीर्य या दोहोंनी किंचित हलविले आहे. वधूवेषातल्या चित्रांत न सापडणारा विरोध येथे सापडतो. वास्तविक हा निव्वळ वेषभूषेचा विषय. विवाहाशी त्याचा संबंध नाही. तरीही एक व्यक्ती म्हणून वॉलिस त्या चित्रांत अधिक भेटते.

५

बीटनच्या बाजूने जे म्हणता येईल ते येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पहिला आक्षेप असा येईल की, विवाहचित्र मांडून घेतलेले असते यात नवे ते काय? महाराष्ट्रातील जुन्या कुटुंबांत विवाहानंतर दांपत्याने छायाचित्रकाराच्या स्टुडिओत जाऊन, रंगविलेल्या पडद्यापुढे खुर्च्यांवर बसून चित्र काढवून घ्यावे, अशी रीत होती. पडद्यावर कधी खांब व महिरप, कधी उद्यान. त्या चित्रांना कोणी खोटे म्हणत नाही. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरातच प्रश्नाचे मर्म आहे. स्टुडिओतला पडदा हा पडदा आहे हे काढणारा, काढवून घेणारा आणि पाहणारा असे तिघेही जाणतात. ते खांब आपले आहेत असा दावा त्या दांपत्यास करावयाचा नसतो. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी पडद्यावर न रेंगाळता चेहऱ्यांवर, हातांच्या ठेवणीवर, नव्या लुगड्याच्या ताठ घडीवर स्थिर होते. पडद्याचा खोटेपणा उघड असल्यामुळे माणसांचा खरेपणा सुरक्षित राहतो. काँदेचा दगड खरा होता, आणि म्हणूनच तो पडद्याप्रमाणे वापरला गेल्यावर अधिक फसवा ठरला.

बीटनचा पिंड रंगभूमीच्या नेपथ्यकाराचा होता, ही गोष्टही विसरता येत नाही. त्याच्या आरंभीच्या व्यक्तिचित्रांत चकचकीत कागद, फुले आणि कापड यांची आरास असे. पुढे नाटक व चित्रपट यांच्या नेपथ्यासाठी आणि वेषभूषेसाठीही तो प्रख्यात झाला. अशा कलावंतास प्रत्येक स्थळ रंगमंच दिसावे यात नवल नाही. २ जून १९५३ रोजी त्याने घेतलेले दुसऱ्या एलिझाबेथचे राज्याभिषेकाचे चित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात राणीच्या मागे वेस्टमिन्स्टर ॲबेचा अंतर्भाग दिसतो. तो रंगविलेला पडदा आहे, आणि चित्र बकिंगहॅम राजवाड्यात घेतलेले आहे. तरीही ते चित्र काँदेच्या चित्रांहून अधिक समाधान देते. विधी त्याच दिवशी पार पडलेला असल्यामुळे राणीच्या अंगावरील वस्त्रांत आणि हातातील राजचिन्हांत त्याचा भार आहे. पडदा केवळ त्याची आठवण करून देतो. म्हणजे उद्दीपन येथे आपल्या मर्यादेत आहे. काँदे येथे विधी अद्याप व्हावयाचा असल्यामुळे वास्तूवर तो भारही येऊन पडला.

बीटनच्या बाजूने दुसरी गोष्ट म्हणजे, त्यास त्या दिवसाचे सत्य दिसले नव्हते असे नाही. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रोजनिशीच्या पहिल्या खंडात काँदेच्या मुक्कामाचे वर्णन आहे. त्यात विवाहाच्या पूर्वतयारीची धांदल आहे, वधूच्या चेहऱ्यावरील ताण आहे. वेदी म्हणून वाड्यातील एक कोरीव पेटारा ओढून आणण्यात आला. त्यावर स्थूल स्त्रीमूर्तींची रांग कोरलेली होती, आणि ती झाकण्यासाठी कापडाची शोधाशोध करावी लागली, हा प्रसंगही त्यात आला आहे. दोन घटस्फोटांची चर्चा जगभर चालू असलेल्या वधूच्या वेदीवर स्त्रियांची रांग असू नये, ही अडचण आणि तिच्यातील विनोद उपस्थितांना कळत होता. या एका गोष्टीत वास्तू आणि विवाह यांचा खरा संबंध प्रकट होतो. वास्तू या प्रसंगासाठी निर्माण झालेली नव्हती. तिला झाकून, सरकवून, फुलांनी भरून त्या प्रसंगायोग्य करावे लागत होते. हे करण्यात माणसांची घाई, भीती आणि आशा ओतलेली होती. कोरीव पेटाऱ्यावर घाईने अंथरलेले कापड हे त्या विवाहाचे चित्र झाले असते.

बीटनच्या लेखणीने ते टिपले आणि त्याच्या कॅमेऱ्याने जगापुढे ठेवली ती शोभा. एकाच मनुष्याच्या दोन साधनांत कार्यांची अशी वाटणी व्हावी हे लक्षणीय आहे. १८५८ मध्ये यंत्र मंद होते, म्हणून राणीचा कंप छायाचित्रकाराच्या इच्छेविरुद्धही चित्रात शिरला. १९३७ मध्ये यंत्र वेगवान झाले होते. हलणारी आकृतीही रेखीव उमटू शकत होती. आता आवेग चित्रात यावयाचा तर छायाचित्रकाराने तो निवडावा लागतो. साधनाची शक्ती वाढली तशी निवडीची जबाबदारी वाढली, आणि काँदे येथे ती निवड शोभेच्या बाजूने झाली.

यामागे केवळ बीटनची अभिरुची होती असेही नाही. वधूवरांना हवे होते तेच त्याने दिले. धर्मपीठ, कुटुंब आणि राजसत्ता यांनी नाकारलेली प्रतिष्ठा चित्राने द्यावी, ही त्यांची अपेक्षा मनुष्यस्वभावास धरूनच होती, आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. पण प्रतिष्ठा सिद्ध करण्याच्या कामी लागलेले चित्र सावध होते. जे संशयास्पद वाटेल ते त्यास वगळावे लागते. थकवा, घाई, हसू, डोळ्यांतले पाणी यांपैकी काहीही प्रतिष्ठेस बाधक ठरू शकते. अशा रीतीने विवाहाच्या समर्थनार्थ निर्माण झालेल्या चित्रांतून विवाहच वगळला गेला. क्षेमेंद्राने औचित्यास काव्याचे जीवित म्हटले. औचित्य म्हणजे प्रत्येक अंगाने आपल्या स्थानी राहणे. हार कमरेस बांधला म्हणजे हाराचे मोल कमी होत नाही, पण शोभा जाते. वास्तूचे मोल काँदेच्या चित्रांत यत्किंचितही उणे झालेले नाही. स्थान मात्र ढळले आहे.

६

या चिकित्सेवरून मोजक्या माणसांचा, सुसंस्कृत आणि कलापूर्ण स्थळी होणारा विवाह चित्रित करूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. लहान समारंभास एक लाभ असतो, तो मोठ्या समारंभास मिळत नाही. प्रत्येक उपस्थित व्यक्तीचे वधूवरांशी असलेले नाते चित्रात ओळखता येऊ शकते. काँदे येथे सोळा माणसे होती. राजघराण्याचा रोष पत्करून आलेला मित्र, नाव धोक्यात घालून आलेला धर्मोपदेशक, वधूची वृद्ध मावशी, यांतील प्रत्येकाच्या येण्यास अर्थ होता. ज्या विवाहास हजारोंनी पाठ फिरविली, त्यात आलेल्या सोळांची साक्ष अधिक मोलाची होती. वास्तूचा उपयोग त्या सोळांना सामावून घेणारे घर म्हणून झाला असता, तर तिच्या थोरवीने त्यांचे थोडेपण अधिक जाणवले असते आणि चित्रास करुणेचा सूर मिळाला असता. ऐतिहासिक स्थळी विवाहचित्र घेणाऱ्याने काय करावे याचे उत्तर या न झालेल्या चित्रात मिळते. वास्तूकडून त्याने परिमाण घ्यावे. प्रामाण्य घ्यावयाचे ते माणसांकडून.

शातो द काँदे आज तेथील प्रादेशिक शासनाच्या मालकीचा असून लोकांना पाहण्यास खुला असतो. वधूचा पोशाख डचेसने १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. ज्या निळ्या छटेस तिचे नाव मिळाले होते, तो रंग कच्चा निघाला. पोशाखाचा निळेपणा बव्हंशी उडून गेला आहे. बीटनची चित्रे कृष्णधवल असल्यामुळे त्यांतही तो रंग नाही. म्हणजे त्या दिवशी सोळा माणसांनी जो निळा रंग पाहिला तो आता वस्त्रातही नाही आणि चित्रातही नाही. तो होता ही गोष्ट केवळ त्यांच्या लिहिलेल्या आणि सांगितलेल्या आठवणींवरून जगास ठाऊक आहे.